विमान पडलं, खापर कुणावर?

दुरुस्तीसाठी आलेल्या खोक्यात रिसिव्हर, सर्व्हो आणि बॅटरीबरोबर बहुधा एक चिठ्ठी असायची. विमान कधी आणि कसं पडलं हे मालकानं तीत लिहिलेलं असे, आणि कारण म्हणून बहुतेकांनी एकच शब्द लिहिलेला: ‘इंटरफिअरन्स’. म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी रेडिओलहर मध्ये घुसली आणि आपलं विमान हातातून गेलं. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये मॉडेल विमानांचे रेडिओ कंट्रोल संच तपासणं हे माझं बरीच वर्षं काम होतं. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, लग्नानंतर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिकडे गेले आणि या कामाला लागले. रविवारी मी स्वतः विमान उडवायचे आणि आमच्या क्लबच्या मैदानावर फ्रीक्वेन्सीचं टेबलही सांभाळायचे. त्यामुळे मैदानावरचा आरडाओरडाही मी ऐकला आणि नंतर खोक्यातून आलेले अवशेषही तपासले. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. लहर डोळ्यांना दिसत नाही म्हणून जबाबदारी कुणाचीच नाही, असं होत नाही. ती जबाबदारी शोधता येते, आणि बहुतेक वेळा विमान जमिनीवर असतानाच पार पाडता येते.

हे सगळं 72 मेगाहर्ट्झच्या जमान्यातलं. अमेरिकेत मॉडेल विमानांसाठी 72.010 ते 72.990 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात 50 चॅनल होते. त्यांचे क्रमांक 11 ते 60, आणि शेजारच्या दोन चॅनलमध्ये 20 किलोहर्ट्झचं अंतर. प्रत्येक ट्रान्समीटरचा चॅनल ठरलेला, आणि त्याच चॅनलचा क्रिस्टल विमानातल्या रिसिव्हरमध्ये बसवलेला. रिसिव्हरला आपला मालक ओळखता येत नसे. त्या चॅनलवर जो बोलेल त्याचं तो ऐकणार, आणि दोघं एकदम बोलले तर तो सगळा गोंधळ विमानाचे वळणारे भाग हलवणाऱ्या सर्व्होंपर्यंत पोचणार. एलेरॉन फडफडतात, एलेव्हेटर एका टोकाला जातो आणि बघता बघता विमान नाक खाली करून येतं. तीन किलोचं विमान ताशी शंभर किलोमीटर वेगानं खाली येतं, पुढे पंखा फिरत असतो, आणि खाली माणसं असतात. म्हणून ‘कुणामुळे पडलं’ हा प्रश्न मोडलेल्या बालसा लाकडाच्या किमतीपुरता कधीच नव्हता.

यावरचा उपाय अगदी साधा होता. टेबलामागे एक लाकडी फळी, तिच्यावर चॅनलचे आकडे आणि प्रत्येक आकड्याखाली एक चिमटा. कपडे वाळत घालायचा नेहमीचा लाकडी चिमटा, त्यावर रंगानं लिहिलेला नंबर. मैदानावर आलं की ट्रान्समीटर आधी टेबलावर जमा करायचा. आपली पाळी आली की आपल्या चॅनलचा चिमटा काढून अँटेनाला लावायचा, त्याच्या जागी आपलं सदस्यत्वाचं कार्ड अडकवायचं आणि मगच स्विच चालू करायचा. उडवून झालं की ट्रान्समीटर बंद, चिमटा जागेवर, कार्ड खिशात. चिमटा फळीवर नसेल तर तो कुणाकडे आहे हे कार्डावरून कळे. चिमटा हातात नाही तर स्विचला हात लावायचा नाही, या एका नियमावर सगळं मैदान चालत होतं. नव्या माणसाला विमान उडवायला शिकवण्याआधी आम्ही त्याला हे शिकवायचो.

तरीही एका रविवारी नको ते घडलं. क्लबमधले एक निवृत्त शिक्षक आपलं ट्रेनर विमान उडवत होते. वारा पडलेला, विमान मैदानाच्या अलीकडच्या बाजूला सावकाश वळत होतं. एकाएकी पंख थरथरले, इंजिनाचा आवाज चढला आणि विमान आडवं होऊन गिरक्या घेत पलीकडच्या मक्याच्या शेतात गेलं. ‘माझ्या हातात नाही!’ असं ते ओरडले तेव्हा मी टेबलापाशीच होते. फळी पाहिली. त्यांचं कार्ड जागेवर होतं, चिमटा त्यांच्याच अँटेनावर होता. टेबलावर जमा असलेले सगळे ट्रान्समीटर बंद होते. राहिली ती मोटारी लावायची जागा. तिथे आमच्याकडे पहिल्यांदाच आलेला एक तरुण डिकीत वाकून आपल्या विमानाचा रडर सरळ होतोय का ते बघत होता. ट्रान्समीटर चालू, अँटेना अर्धी बाहेर काढलेली. अर्ध्या मिनिटाचं तर काम, त्याला कशाला चिमटा, असं त्याला वाटलं होतं. मी जवळ गेले तसं त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग शेताकडे धावणाऱ्या माणसांकडे पाहिलं आणि स्वतःहून स्विच बंद केला. ‘त्यांचाही चॅनल हाच आहे का?’ एवढंच त्यानं विचारलं. चॅनल तोच होता.

आमच्या क्लबचा लेखी नियम होता, की चिमटा न घेता ट्रान्समीटर चालू केला आणि त्यामुळे दुसऱ्याचं विमान पडलं, तर भरपाई चालू करणाऱ्यानं द्यायची. त्या तरुणानं कुरकुर न करता ती हप्त्याहप्त्यानं दिली. पण त्या प्रसंगातलं मला सर्वांत मोलाचं वाटतं ते शिक्षकांचं क्लबच्या बैठकीतलं बोलणं. ते म्हणाले, ‘चूक त्या मुलाची आहे, त्यानं ती मान्य केली, पैसेही देतोय. पण तो फाटकातून आत आला तेव्हा त्याला कुणी काय सांगितलं?’ कुणीच काही सांगितलं नव्हतं. पाटी होती ती टेबलाजवळ, म्हणजे गाडी लावून बराच आत चालत आल्यावर दिसणारी. पुढच्या आठवड्यात फाटकावर आणि गाड्यांच्या जागेत पाट्या लागल्या, आणि नवा माणूस दिसला की एखाद्या सदस्यानं आपणहून पुढे जायचं असं ठरलं. ज्याचं विमान गेलं त्याच माणसानं क्लबचीही बाजू तपासली, याला मी जबाबदारीची जाण म्हणते.

अशा वेळी काहीजण कायद्याचं नाव काढायचे. कायदा काय सांगत होता ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेचं फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन मॉडेलवाल्यांना 72 मेगाहर्ट्झवर पाऊण वॅटपर्यंत ट्रान्समीटर वापरू देत होतं, पण कुठलाही चॅनल कुणाच्या मालकीचा नव्हता, सगळ्यांनी तो वाटून वापरायचा होता. शिवाय त्या पट्ट्यात आमच्या चॅनलांच्या मधल्या जागेत पेजरसारख्या सेवांची केंद्रं होती, आणि त्यांच्यामुळे व्यत्यय आला तर मॉडेलवाल्यांना संरक्षण नाही, असं नियमातच होतं. त्यामुळे एखाद्या केंद्राच्या लहरीनं विमान पडलं तरी त्या केंद्राकडे बोट दाखवून काही हाती लागत नसे. मग ऐकण्याचं काम क्लबनं अंगावर घ्यायचं. आम्ही स्कॅनर लावून चॅनल ऐकायचो, आणि ज्यावर खरखर किंवा दुसऱ्याचं बोलणं येई तो चॅनल फळीवर बंद करून टाकायचो. कुणाला त्यासाठी नवे क्रिस्टल घ्यावे लागत, संच नव्यानं जुळवून घ्यावा लागे, राग यायचा. पण त्या दिवशी तो उडवत नसे, आणि क्लबनं केलेलं काम तेवढंच होतं.

1991 मध्ये चॅनल दाटीवाटीनं वापरायला सुरुवात झाली तेव्हा हा प्रश्न आणखी बोचरा झाला. त्याआधी वापरातल्या फ्रीक्वेन्सी एकमेकींपासून ऐसपैस अंतरावर असत, त्यामुळे जुने रिसिव्हर शेजारचा आवाज गाळण्यात ढिले असले तरी चालून जाई. 20 किलोहर्ट्झवर शेजारी आला आणि ते चालेना. नव्या मोजमापात बसणाऱ्या ट्रान्समीटरवर सोनेरी स्टिकर लावायची पद्धत अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स या राष्ट्रीय संघटनेनं सुरू केली. माझ्याकडे त्या काळात जुने संच घेऊन लोक यायचे. ‘कालपर्यंत तर चालत होता,’ हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण आता शेजारच्या चॅनलवरचा माणूस नियमानं वागत असताना माझा जुना रिसिव्हर त्याचं ऐकत असेल, तर तो दोष शेजाऱ्याच्या माथी मारता येत नाही. हे सांगताना मला वाईट वाटायचं, कारण नवा संच घेणं प्रत्येकाच्या खिशाला परवडणारं नव्हतं. तरी मी अहवालात स्पष्ट लिहायचे की या रिसिव्हरनं आता उडवू नये.

आता खोक्यांकडे येते. ‘इंटरफिअरन्स’ लिहिलेल्या खोक्यांत मला बरेचदा कारण विमानाच्या आतच सापडायचं. एक प्रकार तर वारंवार यायचा. चार सेलची निकेल-कॅडमियम बॅटरी, 4.8 व्होल्टची. बाहेरून सगळं ठीक, मीटर लावला तर व्होल्टेजही पुरतं. मग मी काळ्या, म्हणजे ऋण टोकाच्या तारेचं आवरण ब्लेडनं सोलायचे. आत तांबं लालसर चकाकायला हवं, त्याऐवजी काजळीसारखं काळं झालेलं दिसे, आणि नख लावलं तर तंतू भुगा होऊन गळत. सेलमधून झिरपणारा अल्कलीचा अंश त्या तारेतून वर सरकत सरकत स्विचपर्यंत पोचलेला असे. अशी तार थोडा प्रवाह नेते, पण चार सर्व्हो एकदम फिरले की हात टेकते. रिसिव्हर क्षणभर उपाशी राहतो, आणि खालून बघणाऱ्याला ते हुबेहूब इंटरफिअरन्ससारखं दिसतं.

दुसरा प्रकार धातूवर धातू घासण्याचा. लोखंडी पुशरॉड आणि त्याला धातूचीच क्लेव्हिस. इंजिनाच्या हादऱ्यानं ती जागा थरथरते आणि त्या सैल सांध्यातून रेडिओचा खरखराट निघतो, तोही रिसिव्हरपासून वीतभर अंतरावर. मधे एक नायलॉनचा तुकडा घातला की काम भागतं. तिसरा, आपटलेल्या विमानातला क्रिस्टल. आतली क्वार्ट्झची चकती नाजूक असते. एकदा जोरात उतरलेलं विमान वरून धड दिसलं तरी क्रिस्टलला इजा झालेली असू शकते, आणि तो मनात येईल तेव्हा बंद पडतो. चौथा, अँटेनाची तार. 72 मेगाहर्ट्झच्या रिसिव्हरला सुमारे मीटरभर तार असे. ती लोंबते, शोभत नाही, म्हणून कुणी कापून टाकी, कुणी गुंडाळून आत कोंबी. पल्ला तिथेच कमी होई.

या चारही गोष्टी रेंज चेकमध्ये पकडता येतात, निदान त्यांचा संशय तरी येतो. ट्रान्समीटरची अँटेना मिटायची, विमान जमिनीवर एका माणसाकडे धरायला द्यायचं, इंजिन बंद ठेवून एकदा आणि चालू ठेवून एकदा दूर चालत जायचं, आणि सर्व्हो कुठे अडखळतात ते बघायचं. नव्या किंवा दुरुस्त केलेल्या विमानाच्या पहिल्या उड्डाणाआधी हे करणं अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सच्या सुरक्षा नियमांत होतंच. ज्यानं ते केलेलं नाही त्याला मैदानातल्या दुसऱ्या कुणावर आळ घेण्याचा अधिकार नाही, असं मी टेबलावर बसून अनेकांना तोंडावर सांगितलं आहे.

पण सगळीच प्रकरणं इतकी सरळ नव्हती. एकदा आमच्याकडे तीन विमानं हवेत होती, तिघांचे चॅनल वेगळे, तिघांकडे आपापले चिमटे. त्यातलं एक उतरताना बाकी दोघा पायलटांच्या डोक्यांजवळून खाली आलं आणि तिथेच भरकटून जमिनीवर आपटलं. पाहणाऱ्यांनी लगेच सुरू केलं की कुणीतरी गाड्यांकडे स्विच चालू केला असणार. तसं नव्हतं. तो रिसिव्हर मी बाकावर लावून पाहिला. त्यात काही बिघाड नव्हता. मग फळीवरची नोंद काढली. उरलेल्या दोघांचे चॅनल एकमेकांपासून बरोबर 23 घरं दूर होते. 23 चॅनल गुणिले 20 किलोहर्ट्झ म्हणजे 460. साध्या सिंगल कन्व्हर्शन रिसिव्हरच्या आतली फ्रीक्वेन्सी 455 किलोहर्ट्झ असते. दोन जोरदार लहरी अशा रिसिव्हरजवळ एकत्र आल्या की त्यांच्यातला 460 चा फरक आतल्या 455 च्या दारातून घुसतो आणि मालकाचा संदेश बुडतो. तिघांनीही नियम पाळले होते, तरी विमान पडलं.

इथे खापर फोडायला कुणीच नव्हतं, आणि त्यामुळेच क्लबचं काम वाढलं. आम्ही 22 आणि 23 चॅनलांच्या अंतरावर असलेल्या जोड्यांची यादी करून फळीशेजारी लावली. त्या जोडीतला एक चिमटा बाहेर असेल तर दुसरा द्यायचा नाही. डबल कन्व्हर्शन रिसिव्हर, ज्यात आधी 10.7 मेगाहर्ट्झचा टप्पा असतो, तो घ्यावा असं प्रत्येकाला सांगायला लागलो. पायलटांनी एका ठरलेल्या पट्ट्यातच उभं राहायचं, ट्रान्समीटर घेऊन धावपट्टीलगत भटकायचं नाही आणि कुणाच्या डोक्यावरून विमान उतरवायचं नाही, हे नियम आधीपासून होते, आता त्यांचं कारणही सगळ्यांना कळलं. एकदा कळल्यानंतर मात्र ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोय राहिली नाही. पुढे तसंच पुन्हा घडलं असतं तर दोष आमचा, क्लबचा झाला असता.

मैदानाच्या कुंपणापलीकडेही ही साखळी जात होती. तीन मैलांच्या आत दुसरं मैदान असेल तर दोघांनी चॅनल वाटून घेण्याचा करार केल्याशिवाय जाणूनबुजून उडवायचं नाही, असा संघटनेचा नियम होता. क्लब एकमेकांशी असं बोलून घेत. अडचण असायची ती शाळेच्या मागच्या मैदानावर एकटाच उडवणाऱ्याची. तो कुणाचा सभासद नाही, त्याला आमचं मैदान ठाऊक नाही. म्हणून हॉबी शॉपच्या काउंटरवर मी आमच्या मैदानाचा नकाशा ठेवायला लावला, आणि संच विकताना दुकानदारानं तो हातात द्यावा असा आग्रह धरला. विकणाऱ्याचीही यात जबाबदारी आहे, असं मला तेव्हाही वाटे, आजही वाटतं.

पीसीएम, म्हणजे संदेश आकड्यांच्या रूपात पाठवणारे, संच आले तेव्हा रिसिव्हर चुकीचा संदेश ओळखून टाकून देऊ लागला. आधी सर्व्होंच्या थरथरण्यातून इशारा तरी मिळायचा; आता विमान नीट उडत राही आणि मग एकदम बधिर होई. अशा वेळी काय करायचं ते फेलसेफमध्ये आधी भरून ठेवता येत होतं. कितीतरी संचांत मला ते मूळच्या ‘आहे तसं धरून ठेव’ यावरच सोडलेलं सापडलं. म्हणजे संदेश तुटला तेव्हा इंजिन पूर्ण जोरात असेल तर विमान त्याच जोरात येऊन आपटणार. थ्रॉटल खाली आणण्याची खूण भरायला दोन मिनिटं लागतात. विमान आपल्या हातात उरलेलं नसतानाही खाली उभ्या असलेल्या माणसासाठी आपण केलेली ती एकच गोष्ट असते. त्या संघटनेचा विमाही दुसऱ्याच्या इजेसाठी आणि नुकसानीसाठी होता. आपल्या पडलेल्या विमानाची किंमत त्यात धरलेली नव्हती. जबाबदारीचा क्रम काय असावा हे त्यातूनही दिसतं.

2005 नंतर 2.4 गिगाहर्ट्झचे संच बाजारात आले आणि हळूहळू फळी, चिमटे, क्रिस्टल सगळं मागे पडलं. आता रिसिव्हर आपल्या ट्रान्समीटरची खूण ओळखतो, बाकीच्यांचं ऐकत नाही. आता मी पुण्यात असते, आणि स्पर्धेसाठी विमानं बनवणारी इंजिनिअरिंगची मुलं-मुली अधूनमधून माझ्याकडे येतात. ‘मॅडम, लिंक तुटली,’ हे त्यांचं पहिलं वाक्य. मी विमान उघडायला सांगते. अँटेनाचं टोक कार्बन फायबरच्या नळीला चिकटवलेलं असतं, किंवा दोन अँटेना एकमेकींशी काटकोनात ठेवायच्या सोडून शेजारी शेजारी टेकवलेल्या असतात. नाहीतर मोठे सर्व्हो एकदम फिरल्यावर व्होल्टेज इतकं घसरतं की रिसिव्हर नव्यानं सुरू होतो, आणि तोवर विमान जमिनीला भिडतं. भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 पासून परवान्याशिवाय वापरता येतो, पण तो वायफाय आणि ब्लूटूथबरोबर वाटून घ्यायचा असतो आणि व्यत्ययापासून संरक्षण इथेही नाही. 2021 च्या ड्रोन नियमांत 25 किलोपर्यंतचं मॉडेल नजरेच्या टप्प्यात उडवण्याची सोय आहे. म्हणजे नियमानं जागा दिली आहे, ती सुरक्षित ठेवणं उडवणाऱ्यावर आहे.

या मुलांना मी जे सांगते तेच इथे लिहिते. विमान पडलं की पहिल्या पाच मिनिटांत कुणावर आळ घेऊ नका. आधी माणसांना काही लागलं नाही ना ते बघा. मग बॅटरीचं व्होल्टेज मोजा, तारा आणि अँटेना जशा आहेत तशा हलवण्याआधी फोटो काढा, संचात नोंद राहत असेल तर ती उतरवून घ्या, आणि त्या वेळी कोण कोण उडवत होतं ते लिहून ठेवा. तुमच्या हातून काही झालं असेल तर कुणी विचारण्याआधी सांगा. मैदान चालवणाऱ्यांनी नव्या माणसाला फाटकातच गाठून नियम समजावून द्यावेत. आणि पुढच्या उड्डाणाआधी एक गोष्ट नक्की करा: विमान घट्ट धरून, विजेवरचं असेल तर पंखा काढून, ट्रान्समीटर बंद करा आणि थ्रॉटल आपोआप खाली येतो का ते बघा. येत नसेल तर त्या दिवशी विमान उडवू नका.